वाचकांचे प्रश्न : जपानी घरांतील कोरीव बुत्सुदान

जपानी बौद्ध कुटुंबांच्या घरी वंदनेसाठी जे कोरीव लाकडी कपाट असते, त्याला बुत्सुदान म्हणतात. या कपाटांविषयी सदराकडे आलेल्या पत्रांपैकी पाच या अंकासाठी निवडली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत. उत्तरे लिहिताना एक धोरण ठेवले आहे : या कपाटातील बहुतेक प्रत्येक नक्षीला आणि सांध्याला काही काम नेमून दिलेले असते; ते काम आधी सांगायचे आणि सौंदर्याची चर्चा नंतर करायची.

प्रश्न : माझी लेक आणि जावई नोकरीनिमित्त नागोयाला राहतात. तिथल्या शेजारणीच्या घरी त्यांनी माणसाच्या उंचीचे काळे कपाट पाहिले. दारे उघडल्यावर आत सगळे सोनेच सोने. दुसऱ्या एका घरी मात्र तसेच कपाट साध्या गडद लाकडाचे होते, सोन्याचा मागमूसही नव्हता. हा श्रीमंती-गरिबीचा फरक समजायचा का? आणि आत नेमके कोण असते? — एक वाचिका, नागपूर

उत्तर : पैशाचा भाग थोडाफार असतो, पण मुख्य फरक संप्रदायाचा आहे. आपल्या लेकीने पहिल्या घरी पाहिलेले कपाट बहुधा जोदो शिन्शू संप्रदायाच्या कुटुंबाचे असावे. या संप्रदायाचे उपास्य अमिताभ बुद्ध, ज्यांना जपानीत अमिदा म्हणतात. आणि कपाटाचा अंतर्भाग ही त्यांच्या सुखावती लोकाची प्रतिमा मानली जाते. सुखावतीचे वर्णन सूत्रांमध्ये सोन्यारत्नांनी झळाळणारी भूमी असे येते, म्हणून आतली प्रत्येक बाजू सोन्याच्या वर्खाने मढवतात आणि बाहेरची बाजू काळी ठेवतात. झेन, शिंगोन इत्यादी संप्रदायांच्या घरी आबनूस किंवा शिसवाच्या जातीच्या कठीण लाकडाची कपाटे अधिक दिसतात. तेथे लाकडाचा पोत हीच शोभा असते. सोतो झेन पंथाच्या घरी मध्यभागी शाक्यमुनी बुद्ध असतात, तर शिंगोन पंथाच्या घरी महावैरोचन.

कोणत्याही बुत्सुदानात सर्वांत वर आणि मध्यभागी बुद्धाची मूर्ती किंवा चित्रपट, म्हणजे टांगायचा चित्रित किंवा लिखित पट, असतो. तो ज्या ओट्यावर असतो तो मधे अरुंद आणि वर-खाली रुंद असतो. हा मेरू पर्वताचा आकार, भारतातून चीनमार्गे तेथे पोहोचलेला. ओट्यावर खांब आणि कोरीव छप्पर असलेले एक छोटे मंदिर उभारतात. जोदो शिन्शूच्या घरांत हे छोटे मंदिर क्योतो येथील मुख्य मंदिराच्या गाभाऱ्याची लहान प्रतिकृती असते, आणि त्या संप्रदायाच्या दोन मोठ्या शाखांची मुख्य मंदिरे वेगळी असल्यामुळे घरची कपाटेही वेगळी होतात. पश्चिम होंगान्जीच्या अनुयायांकडे सोनेरी खांब आणि एकेरी छप्पर, पूर्व होंगान्जीच्या अनुयायांकडे काळे खांब आणि दुहेरी छप्पर. जाणकार माणूस दार उघडताक्षणी कुटुंबाची शाखा ओळखतो.

बुद्धाच्या खालच्या पायऱ्यांवर बहुतेक संप्रदायांत दिवंगतांच्या नावाच्या उभ्या लाकडी पाट्या असतात. यांना इहाई म्हणतात. त्यांच्या पुढे उदबत्तीचे पात्र, दीप, फुलदाणी, शिजवलेल्या भाताची लहान वाटी आणि एक घंटा. जोदो शिन्शूमध्ये मात्र इहाई वापरण्याची रीत नाही, कारण मृत व्यक्ती लगेच सुखावतीत जन्म घेते आणि तिच्यासाठी घरी काही पोहोचवायचे उरत नाही, अशी त्यांची धारणा आहे. ते दिवंगतांची नावे टांगायच्या पटावर किंवा वहीत लिहितात.

लेक नागोयात आहे म्हणून आणखी एक गोष्ट. तिथल्या परंपरागत कपाटांचा खालचा चौथरा इतर ठिकाणांपेक्षा उंच असतो. किसो, नागारा आणि इबी या तीन नद्यांच्या पुरापासून बुद्धमूर्ती वर राहावी म्हणून तो उंच केला, असे तेथील कारागीर सांगत आले आहेत. शेजारच्या मिकावा भागात याच्या उलट. तेथे कपाट भिंतीतल्या फडताळात बसवण्याची पद्धत, म्हणून चौथरा बुटका. आणि बुटक्या कपाटात वरची तुळई मूर्तीच्या आड येऊ नये म्हणून ती लाटेसारखी वळवून कोरलेली. पाहणाऱ्याला ती निव्वळ हौसेची नक्षी वाटते.

प्रश्न : मी सुतारकाम शिकतो आहे. एवढे काम एकच कारागीर करतो का? लाकूड कोणते आणि सांधे कसे? त्यावरचा चकचकीत लेप आमच्या सावंतवाडीच्या लाखेसारखाच असतो का? — एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : एकच माणूस करत नाही, आणि करावे अशी अपेक्षाही नसते. बिवा सरोवराकाठच्या हिकोने गावात हे काम सात व्यवसायांत विभागलेले आहे : कपाटाचा सांगाडा करणारा, आतले छोटे मंदिर करणारा, कोरीवकाम करणारा, लेप देणारा, सोन्याचा वर्ख लावणारा, लेपावर सोन्याच्या भुकटीने चित्रे काढणारा, आणि धातूच्या पट्ट्या-बिजागऱ्या घडवणारा. हिकोने हे ‘ई’ नावाच्या सरदार घराण्याचे संस्थान. तेथे चिलखते आणि शस्त्रे घडवणारे व रंगवणारे कारागीर होते, आणि एदो काळात (सतरावे ते एकोणिसावे शतक) दीर्घ शांतता नांदल्यावर त्यांनी आपले कसब बुत्सुदानाकडे वळवले असे तेथील परंपरा सांगते. जपान सरकारने 1974 साली पारंपरिक हस्तव्यवसायांसाठी कायदा केला. त्याखाली आज बुत्सुदान करणाऱ्या 15 केंद्रांना मान्यता आहे. हिकोने, नागानोच्या हिमप्रदेशातील इईयामा आणि दक्षिणेकडील कावानाबे ही त्यांतली तीन, 1975 मध्येच मान्यता मिळालेली.

सांगाड्यासाठी हिनोकी, सुगी, केयाकी ही लाकडे वापरतात. हिनोकी सरळ रेषांची, हलकी आणि कीड सहसा न लागणारी. केयाकी कठीण आणि रेषा उठून दिसणारी. कोरीवकामासाठी मऊ, एकसारख्या पोताची पाइनची एक जात घेतात, कारण त्यात पटाशी आडव्या रेषेवरही दाणे न उडवता चालते. कमळ, शेवंती, ड्रॅगन, ढगांवर वाद्ये वाजवणाऱ्या अप्सरा हे नेहमीचे विषय. कोरणारा एकेक तुकडा सुटा कोरतो आणि तो नंतर बसवतात. यातली खरी परीक्षा खोलीची असते. पुढे त्यावर लेपाचे थर आणि वर्ख चढणार असल्यामुळे कोरणाऱ्याला पाकळीची कडा लागते त्याहून थोडी जास्त धारदार आणि खाच थोडी जास्त खोल ठेवावी लागते. अन्यथा लेपाखाली पाकळ्या बुजून जातात. आपण शिकत आहात म्हणून सुचवतो : कोरून झालेल्या तुकड्यावर रंगाचे तीन-चार हात देऊन पाहा आणि मग आपल्या खोलीचा अंदाज तपासा.

सांध्यांबाबत या कारागिरांकडून सर्वांत जास्त शिकण्यासारखे आहे. चांगल्या बुत्सुदानाचा सांगाडा कुसू (खाचेत बसणारे लाकडाचे निमुळते टोक) आणि खाच यांच्यावर उभा असतो, खिळ्यांवर नाही, आणि तो पुन्हा सुटा करता येतो. त्यामागे कारण आहे. उदबत्तीचा आणि मेणबत्तीचा धूर दोन पिढ्या खाल्ल्यावर सोने काळवंडते, लेप तडकतो. अशा वेळी कपाट कारागिराकडे परत पाठवतात. तो ते तुकड्यातुकड्यांनी उकलतो, धुतो, खराब भाग बदलतो, पुन्हा लेप आणि वर्ख चढवतो आणि जोडून परत देतो. या कामाला तिथले लोक चक्क ‘कपडे धुणे’ याच अर्थाचा शब्द वापरतात. इईयामाचे कारागीर आपल्या जोडणीचा अभिमान सांगतात तो यासाठीच. खिळे ठोकलेले किंवा कायमचे चिकटवलेले कपाट असे उकलता येत नाही, ते फोडावे लागते.

आता लेप. सावंतवाडीची लाख ही किड्याने स्रवलेली राळ असते आणि कारागीर ती चरकावर फिरणाऱ्या लाकडाला घासून, घर्षणाच्या उष्णतेने वितळवून बसवतो. जपानी उरुशी हा झाडाचा चीक असतो. त्या झाडाचे आणि आपल्या बिब्ब्याचे कूळ एकच, म्हणजे आंब्याचेच. आणि बिब्बा उतून अंगावर फोड आलेला ज्याने पाहिला आहे त्याला ओल्या उरुशीची भीती वेगळी समजावून सांगायला नको. दहा-पंधरा वर्षे वाढवलेल्या एका झाडातून जेमतेम 200 ग्रॅम चीक मिळतो. उरुशीची गंमत अशी की ती कोरड्या हवेत नीट वाळत नाही. तिच्यातील एक विकर (एन्झाइम) हवेतील ऑक्सिजन घेऊन चीक घट्ट करते आणि त्यासाठी हवेत ओलावा लागतो. म्हणून लेप दिलेले तुकडे दमट ठेवलेल्या बंद कपाटात, साधारण 70 ते 80 टक्के आर्द्रतेत ठेवतात. पावसाळ्यातल्या कोकणाला हे काही अवघड नाही, पण चीक कोठून आणायचा हा प्रश्न उरतोच. घट्ट झालेली उरुशी पाणी, आम्ल, क्षार यांना दाद देत नाही. उन्हातील अतिनील किरणांपुढे मात्र ती हरते.

वर्ख चिकटवायलाही उरुशीच वापरतात. लेपाचा पातळ हात देऊन तो किती पुसून काढायचा, यावर सोने मंद दिसणार की चकाकणार हे ठरते. जपानमधला जवळपास सगळा वर्ख कानाझावा शहरात कुटला जातो आणि त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतकी असते.

प्रश्न : आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एवढे कपाट कुठे मावणार? जपानी लोकही आता फ्लॅटमध्येच राहतात ना? — एक वाचक, ठाणे

उत्तर : राहतात, आणि म्हणून मोठ्या कपाटांची मागणी घटली आहे. पूर्वी घरात बुत्सुदानासाठी वेगळी खोली किंवा निदान भिंतीतला कोनाडा राखलेला असे. आता कपाटावर किंवा टेबलावर मावणारी, बंद केल्यावर साध्या फर्निचरसारखी दिसणारी लहान बुत्सुदाने अधिक खपतात. त्यांतली बरीच प्लायवुड किंवा दाबून केलेल्या भुशाच्या फळ्यांची असतात. वाईट म्हणत नाही, परंतु ती उकलून धुता येत नाहीत हे किंमत विचारताना लक्षात असू द्यावे.

प्रश्न : जुनी सोनेरी बुत्सुदाने इंटरनेटवर आश्चर्यकारक स्वस्तात विकायला असतात. दिवाणखान्यात ठेवण्यासाठी एक मागवावे असा विचार आहे. काही अडचण येईल का? — एक वाचक, पुणे

उत्तर : स्वस्त असण्याचे कारण दुःखद आहे. आजी-आजोबा गेल्यावर घर विकले जाते, मुलांच्या फ्लॅटमध्ये जागा नसते आणि कपाट टाकून देण्याचे धाडस होत नाही. बहुतेक संप्रदायांत कपाट काढण्यापूर्वी भिक्षूला बोलावून ‘डोळे मिटण्याचा’ विधी करतात, मूर्ती आणि इहाई काढून घेतात आणि मगच रिकामे कपाट बाहेर जाते. तेव्हा विक्रेत्याला एवढे जरूर विचारा की ते रिकामे आणि विधी झालेले आहे का. आत कोणाच्या आई-वडिलांच्या नावाची पाटी राहिली असेल, तर ती शोभेची वस्तू म्हणून भिंतीला लावणे मला अजिबात पसंत नाही.

लाकडाचाही प्रश्न आहे. कपाट गडद शिसवाचे असेल तर ते डालबर्जिया या प्रजातीतील असण्याची शक्यता मोठी. ही संपूर्ण प्रजाती 2017 पासून वन्य जीव व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापार करारात, म्हणजे साइट्समध्ये, समाविष्ट आहे. तयार वस्तूंना वजनाच्या ठरावीक मर्यादेपर्यंत सूट आहे, पण माणसाच्या उंचीचे कपाट त्या मर्यादेत बसणे कठीण. पाठवणाऱ्याकडे कागदपत्रे आहेत का हे पैसे भरण्यापूर्वी पाहावे.

आणि हवामान. दमट जपानमध्ये वाढलेला लेप उन्हाळ्यातील आपल्या कोरड्या हवेत आणि वातानुकूलन यंत्राच्या झोतात आखडतो, सांध्यांवर भेगा दिसू लागतात. खिडकीसमोर किंवा वातानुकूलन यंत्राखाली ठेवू नये. धूळ मऊ पिसांच्या झाडणीने काढावी, ओले फडके वापरू नये, आणि सोन्याला बोट लावू नये. घामाचा ठसा पुन्हा निघत नाही, तो पुसायला गेले की वर्खच निघतो.

प्रश्न : आमचे कुटुंब 1956 च्या धम्मदीक्षेपासून बौद्ध आहे. घरी भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा आहे, खाली एक फळी. नव्या घरात वंदनेसाठी कोरीव लाकडी कपाट करून घ्यावे असे मुलांचे म्हणणे आहे. त्यांनी जपानी बुत्सुदानाची चित्रे दाखवली. वडिलांचा फोटोही त्यातच ठेवू असे म्हणतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे योग्य होईल का? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आपल्या पत्रातील शंका रास्त आहे, आणि म्हणून थोडे तपशिलात लिहितो.

बुत्सुदान दोन वेगळ्या गोष्टींपासून घडले. पहिली गोष्ट बुद्धवंदना. जपानचे सम्राट तेम्मू यांनी 685 साली घरोघर बुद्धासाठी जागा करून तेथे मूर्ती आणि सूत्रे ठेवावीत असा आदेश काढल्याची नोंद तेथील प्राचीन इतिवृत्तात आहे, आणि नारा जवळच्या होर्यूजी विहारात सातव्या शतकातील एक सुमारे सव्वादोन मीटर उंचीचे लाकडी बुद्धगृह आजही आहे, ज्याच्या कडांवरील धातूच्या जाळीखाली चमकदार भुंग्यांचे पंख बसवलेले होते. दुसरी गोष्ट पूर्वजांची पाटी. ती चीनमधील कन्फ्यूशियस परंपरेतली. झेन भिक्षूंबरोबर जपानमध्ये आली आणि पुढे बुद्धाच्या कपाटात जाऊन बसली. सतराव्या शतकात ख्रिस्ती धर्मावर बंदी आल्यावर प्रत्येक कुटुंबाने कोणत्या ना कोणत्या बौद्ध मंदिरात नाव नोंदवणे सक्तीचे झाले, आणि घरोघरी बुत्सुदान दिसू लागले ते मुख्यतः त्यानंतर. आज अनेक जपानी घरांत बुद्धापेक्षा आजोबांनाच भात दाखवला जातो, हे तेथील भिक्षूही कुरकुरत मान्य करतात.

बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. त्यामुळे माझे मत असे की बुत्सुदानाचा पहिला भाग आपल्या घरात निःशंकपणे यावा आणि दुसरा दारातच थांबावा. वडिलांचा फोटो घरात कृतज्ञतेने लावण्यास कोणाची हरकत असणार? पण तो कपाटाच्या आत, बुद्धाच्या खालच्या पायरीवर, वाटी आणि पाण्यासह ठेवला की त्याला इहाईची जागा मिळते, आणि पुढच्या पिढीला त्यातून श्राद्धाचाच अर्थ लागेल. शेजारच्या भिंतीवर लावा. बाबासाहेबांच्या प्रतिमेची जागा कोठे असावी हा निर्णय कुटुंबाचा आणि आपल्या विहारातील भन्तेजींचा. एवढेच सांगतो की जोदो शिन्शूच्या अनेक घरीही बुद्धाच्या दोन्ही बाजूंना त्यांच्या आचार्यांचे चित्रपट असतात, म्हणजे मार्ग दाखवणाऱ्याला बाजूला स्थान देण्याची रीत बौद्ध जगाला नवी नाही.

घरातील कपाटाला असा ठाम आशय असू शकतो याचे एक उदाहरण मुलांना सांगावे. दक्षिणेकडील सात्सुमा संस्थानात जोदो शिन्शूवर सुमारे तीनशे वर्षे बंदी होती. ती 1876 मध्ये उठली. त्या काळात कावानाबे परिसरातील लोक गुहांमध्ये जमून नामस्मरण करत आणि घरी अशी कपाटे ठेवत की बाहेरून पाहणाऱ्याला कपड्यांचे पेटारेच वाटावेत. दार उघडले की आत सोन्याचे बुद्धगृह. बाहेरच्या बाजूला त्यांनी नक्षी केली नाही, कारण नक्षी दिसणे धोक्याचे होते.

जपानी बौद्धांशी विदर्भाचे नाते आहेच. कामठीच्या ड्रॅगन पॅलेस विहारातील चंदनी लाकडाची बुद्धमूर्ती आपण पाहिली असेल. परंतु कपाट करताना त्यांच्या छपरांची आणि ड्रॅगनची नक्कल सुताराला करायला लावू नका. ती छपरे त्यांच्या मंदिरांची आहेत. आपल्याजवळ अजिंठा आणि वेरूळ आहे. चैत्याची घोड्याच्या नालासारखी कमान, कमळ, पिंपळपान, एवढे विषय कोणत्याही चांगल्या कोरणाऱ्याला पुरतात. कोरीवकाम कमानीवर आणि दारांच्या दिल्ह्यांवर (चौकटीत बसवलेल्या फळ्यांवर) असू द्या. जेथे दिवा, उदबत्ती आणि फुले ठेवायची त्या फळीवर बिलकूल नको, कारण मेण आणि राख नक्षीत बसते आणि ती कोरून काढताना नक्षीच झिजते.

सागवान उत्तम, मात्र त्यात पटाशीची धार लवकर जाते आणि बारीक काम महाग पडते. कोरायच्या भागांसाठी शिवण घेतले तर काम सोपे होते आणि ते फारसे वाकतही नाही. मूर्ती खाली बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या थोडी वर यावी. घरात वंदना उभ्याने होत असेल तर उंची त्याप्रमाणे वाढवावी, आणि हे माप सुताराने फर्निचरच्या पुस्तकातून न घेता घरातल्या माणसांना बसवून घ्यावे. दिव्याच्या ज्योतीवर निदान दीड हात मोकळी जागा ठेवा, नाहीतर विजेचा छोटा दिवा लावा. छताला उष्णता लागून लाकूड काळे पडते आणि एखाद्या दिवशी पेटही घेते. मागची फळी खाचेत सैल बसवायला सांगा म्हणजे मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ती आकसली तरी तडकणार नाही. आणि सांधे कुसूचेच असावेत, शक्य तेथे लाकडी खुंटीने अडकवलेले, असे ठरवतानाच लिहून घ्या. सुतार दिवस वाढतील म्हणून का कू करेल, तर मजुरी वाढवून द्यावी आणि नक्षी थोडी कमी करावी.